भाड्याच्या घरावरचा सिमेंटचा पत्रा: झाकून ठेवावा की उतरवावा?

कोकणात जुनं घर भाड्याने घेतलं की छपरावर करडा नालीदार सिमेंटचा पत्रा दिसण्याची शक्यता बरीच. माकडांनी कौलं फोडून जीव नकोसा केला, म्हणून कित्येक मालकांनी ती उतरवून हे पत्रे घातले. जुना पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून आत गेल्यास कर्करोग करू शकणारे खनिज तंतू, आहे असं धरूनच चालावं. खात्री प्रयोगशाळाच देऊ शकते, पण नमुन्यासाठी तुकडा मोडायचा म्हणजे जे टाळायचं तेच करायचं. मी तपासणीच्या मागे लागलो नाही. घर बदलण्याचाही विचार केला होता, पण आमच्या ऐपतीतल्या भाड्यात जी घरं दाखवली गेली त्यांच्यावरही हेच छप्पर. मग दोनच वाटा उरल्या. आहे तो पत्रा रंगवून खालून सीलिंग करायचं, नाहीतर मालकांना गळ घालून नवा कलर कोटेड, म्हणजे रंगाचा थर दिलेला लोखंडी पत्रा टाकायचा.

काळजी कशाची करायची ते आधी नीट समजून घ्यावं. या पत्र्यात साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉसचे तंतू, बाकी सिमेंट. पत्रा शाबूत असेपर्यंत तंतू सिमेंटात अडकलेले राहतात. ड्रिल मारलं, ग्राइंडरने कापलं, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडलं की ते सुटतात आणि डोळ्यांना न दिसता श्वासातून आत जातात. त्यातून होणारा कर्करोग २० ते ४० वर्षांनी डोकं वर काढतो, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर जीव जास्त घाबरतो आणि ते योग्यच आहे.

नव्या पत्र्याच्या बाजूने बोलायचं तर एकदा काम झालं की डोक्यावरची चिंता गेली. पण पावसाळ्यात त्याचा आवाज इतका, की खाली बसून फोनवर बोलता येत नाही. उन्हाळ्यात तो सिमेंटपेक्षा जास्त तापतो असा माझा अनुभव. खाऱ्या वाऱ्यात स्क्रूभोवती गंज लवकर धरतो. हे सगळं मी सोसलं असतं. खर्चाचाही प्रश्न नव्हता, मालक निम्मा द्यायला तयार होते.

माझं मन फिरलं ते शेजारच्या घराचं छप्पर उतरवताना पाहून. पत्रा धरून ठेवणारे गंजलेले वाकडे जे-बोल्ट सुटेनात, म्हणून मिस्त्रींनी हातोड्याने पत्रेच फोडले आणि वरून अंगणात टाकले. कोरडे, पाण्याचा एक शिंतोडाही न मारता. तोंडाला रुमाल, ज्याचा या तंतूंपुढे काही उपयोग नाही. त्यांना तरी दोष कसा द्यावा? ब्रिटनने १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, पण आपल्याकडे हा पत्रा आजही दुकानात मिळतो. जे उघडपणे विकलं जातं ते घातक आहे हे कामगाराला कोण सांगणार?

खरा प्रश्न पुढेच होता. फुटक्या पत्र्यांचं ते राबिट कुणीच नेईना. काही दिवस ढीग अंगणात पडून राहिला. मग एकेक तुकडा वाटेला लागला: कुणी पिंपाखाली ठेवला, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला, उरलेला चुरा रस्त्याच्या खड्ड्यात गेला. आता त्यावरून रिक्षा जातात आणि पोरं तिथेच खेळतात. छपरावर निमूट बसलेली वस्तू आम्ही सगळ्यांच्या नाकाशी आणली असती, एवढंच माझ्या मनात येत राहिलं. पत्रे सुरक्षित उतरवता येतात, नाही असं नाही. आधी भिजवायचे, बोल्टला तेल सोडून नट खोलायचे, अख्खा पत्रा खाली घेऊन जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला निदान एफएफपी-३ दर्जाचा मास्क द्यायचा, साधा एन-९५ इथे पुरत नाही. पण गुंडाळलेला पत्रा पुढे कुठे द्यायचा, याचं उत्तर आमच्या भागात मला मिळालं नाही.

म्हणून आम्ही झाकण्याची वाट धरली. शेवाळ साबणाच्या पाण्याने भिजवून मऊ केरसुणीने काढलं आणि वरून ॲक्रिलिकचा वॉटरप्रूफ रंग दिला. पत्र्यावर थेट पाय न देता रिपांवर आडव्या फळ्या टाकून काम केलं, कारण जुना पत्रा माणसाच्या वजनाने फुटतो आणि तसे जीवघेणे अपघात होतात. खालून पीव्हीसी पॅनेलचं सीलिंग केलं, त्याचे स्क्रू भिंतीत आणि लाकडी वाशांत घेतले, पत्र्याला हात लावला नाही. अंथरुणावर करडी भुकटी पडायची ती थांबली आणि उकाडाही थोडा कमी वाटतो. रंग मात्र काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल, तो खर्च धरून चालावा.

तुमचा पत्रा ठिकठिकाणी तडकला असेल, कडा भुसभुशीत होऊन हाताला लागत असतील, तर माझी वाट तुमच्यासाठी नाही. तिथे उतरवणंच बरं. तुम्ही पागडीचे भाडेकरू असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकांचं काम आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असाल तर जे ठरेल ते करारातच लिहून घ्यावं. आम्ही एक ओळ घालून घेतली: डिश अँटेना, पंखा किंवा वायरिंग, कशासाठीही पत्र्याला भोक पाडायचं नाही. मालककाकांनी काही न विचारता सही केली.