जागेश्वर की कटारमल?
उत्तराखंडातल्या अल्मोड्यात एकच दिवस हाताशी असेल, तर मी जागेश्वरच सांगेन. रस्ता साधारण 35 किलोमीटरचा, पण पोचल्यावर देवदारांच्या गर्द सावलीत शंभराहून जास्त दगडी देवळं आणि शेजारी खळखळणारी जटागंगा. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रातलं ‘नागेशं दारुकावने’ ते हेच, असं तिथे मानतात. औंढा नागनाथ हेच ते ज्योतिर्लिंग मानून दर्शन घेऊन आलेल्या आपल्या माणसाला हे ऐकून क्षणभर थबकायला होतं.

कटारमलचं सूर्यमंदिर त्यामानाने जवळ आहे, मात्र शेवटचा चढ पायी. शिखर ढासळलंय, भोवती चाळीसेक लहान देवळं. इथला कोरीव लाकडी दरवाजा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. ती उणीव मला फार जाणवली. पण देऊळ पूर्वाभिमुख असल्याने कोवळं ऊन थेट दगडावर उतरतं, तेव्हा पहाटेच निघा.