डिफेंडरवर भागतं की क्विक हील घ्यावं?

सिडकोतल्या मामांनी लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "अँटिव्हायरस टाकून देऊ ना काका?" मामांनी तिथूनच मला फोन लावला.

विंडोज १० किंवा ११ असेल तर डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस आतच असतो, फुकट. नेटवरची घुसखोरी अडवणारी फायरवॉलही सोबत, ती तर २००४ च्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ या अपडेटपासून आपोआप चालू असते. नूतनीकरणाची कटकट नाही. यातली एक सोय मात्र फार थोड्यांना ठाऊक: अनोळखी प्रोग्रामला ठरावीक फोल्डरमध्ये ढवळाढवळ करू न देण्याची. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरविरुद्ध ती फार कामाची, पण मुळात बंद असते. सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. कधी एखादा साधा प्रोग्रामही अडतो, मग त्याला हाताने परवानगी द्यायची.

क्विक हील हे आपल्या पुण्याचं अँटिव्हायरस. पैसे मोजायचे, मुदत संपली की पुन्हा मोजायचे. त्याची फायरवॉल वेगळी, वरच्या पॅकेजमध्ये मुलांवर लक्ष ठेवायची सोय. माझ्या मते खरी किंमत फोनवर मिळणाऱ्या मदतीची; घरात जाणतं कुणी नसेल तर तीच घ्यावी.

क्विक हील टाकलं की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो. पण बाहेरचे दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत. लॅपटॉपचा नाशिकचा संध्याकाळचा द्वारका चौक होतो, सगळं तुंबतं.

मामांचं काम म्हणजे बँक आणि नातवाचे फोटो. डिफेंडरच ठेवला, फोल्डरची सोय चालू करून दिली. वाचलेल्या पैशांत बॅकअपला पेनड्राइव्ह आला.