यामाहा ए-एस३०१ आणि व्हार्फडेल डायमंड १२.१: नाशिकच्या फ्लॅटमध्ये एक पावसाळा, एक हिवाळा

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला सेट आता थंडी ओसरत आली तरी रोज वाजतोय, तेव्हा लिहायला हरकत नाही. सेट साधाच आहे. यामाहाचा ए-एस३०१ अ‍ॅम्प्लिफायर, व्हार्फडेलचे डायमंड १२.१ बुकशेल्फ स्पीकर, जोडीला जुना सीडी प्लेअर आणि टीव्ही. घर इंदिरानगरात, दुसऱ्या मजल्यावर. हॉल १४ बाय ११ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. हॉलची मापं आधीच सांगून टाकली, कारण यंत्रांच्या माहितीपत्रकापेक्षा आवाज जास्त ठरतो तो त्या मापांवर.

खरेदीचं थोडक्यात. एमजी रोडला साउंडबार आणि होम थिएटर हवे तेवढे, पण दोनच चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर निवांत लावून ऐकवणारं दुकान मला काही मिळालं नाही. शेवटी पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठली आणि लॅमिंग्टन रोडच्या बाजूला एका दुकानात मनसोक्त ऐकलं. स्वतःच्या सीडी घेऊन गेलो होतो, तेच करा. दुकानदाराच्या डेमो ट्रॅकवर सगळंच गोड लागतं. तिथे जमिनीवर जाड गालिचा, भिंतींवर पॅनेल, स्पीकर भिंतीपासून चांगले लांब. तो आवाज घरी आल्या आल्या मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. माल कुरिअरने आला, एका खोक्याचा कोपरा चेपलेला होता, आत थर्माकोलमुळे काही झालं नव्हतं. खोका उघडताना व्हिडिओ काढून ठेवा, एवढंच.

आता मुख्य मुद्दा, जागा. आपल्याकडे स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात जातात आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकतो. घरच्यांच्या दृष्टीने हीच मांडणी बरोबर, आणि आमच्याकडेही पहिले काही आठवडे तीच होती. डायमंड १२.१ चा पोर्ट, म्हणजे खर्जाची हवा बाहेर सोडणारं भोक, मागच्या बाजूला आहे. कप्प्यात ठेवला की मागून निघालेला खर्ज युनिटच्या प्लायला आणि भिंतीला धडकून दुप्पट होऊन येतो. तबल्याच्या डग्ग्यावर हे लगेच कळतं. मींड घेतली की स्वर सरकत जायला हवा, त्याऐवजी नुसतं ‘घुम्म’ ऐकू येतं, प्रत्येक ठोक्याला एकाच उंचीचं.

यामागचं गणित सोपं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १४ फूट म्हणजे सव्वाचार मीटरच्या जरा वर. त्या लांबीत ४० हर्ट्झला (सेकंदाला ४० कंपनं) पहिला अनुनाद बसतो आणि ८० ला दुसरा, म्हणजे हे स्वर खोलीच फुगवून ऐकवते. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबीच १४ फुटांच्या आसपास, म्हणजे आमचा हॉल जणू तिच्याच मापाने बांधलेला. डग्ग्याचा खालचा घुमारा याच परिसरात घोटाळतो. शिवाय हा अनुनाद भिंतीशी सगळ्यात जोरदार असतो, आणि भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर आपलं डोकं नेमकं तिथेच असतं.

म्हणून सोफा साडेतीन फूट पुढे घेतला. मागून स्वयंपाकघराकडे जायची वाट झाली, हे आईला पटवायला सोपं गेलं: “सोफ्याला वळसा न घालता सरळ जाता येतं गं.” स्पीकर कप्प्यातून काढून ११ फुटी भिंतीसमोर, भिंतीपासून दीड फूट सोडून ठेवले. दोघांमध्ये साडेसहा फूट आणि कानापासून प्रत्येकी साडेसात. पुस्तकात समभुज त्रिकोण सांगतात, मला जरा लांबून ऐकायला आवडतं. स्पीकरची तोंडं थोडी आत वळवलेली, इतकी की सोफ्यावरून आतली बाजू जेमतेम दिसावी.

जागा जमली की नाही हे तपासायला महागडं काही लागत नाही. जुनं मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचं ध्वनिमुद्रण लावा. दोन्ही स्पीकरमधून अगदी एकच आवाज येत असल्याने गाणारी व्यक्ती बरोबर मधोमध, रिकाम्या भिंतीतून गायला हवी. आवाज पसरट, कुठूनही येतोय असा वाटला आणि खर्जही पातळ झाला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे का ते आधी बघा. आमच्याकडे हे जमल्यावर भीमसेन जोशींच्या मैफलीची एक सीडी लावली. तबला डावीकडे, पेटी उजवीकडे आणि दोन तंबोरे बुवांच्या मागे, थोडे खोलवर. टीव्ही युनिटच्या कप्प्यातून तंबोरे ऐकू यायचे, पण मागे बसलेले नसायचे.

स्टँडबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक त्यांनी पाडला. तयार स्टँड महाग वाटले म्हणून सातपूरला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. खाली एक फूट बाय एक फुटाची जाड प्लेट, मध्ये दोन इंची चौकोनी पाइप, वर स्पीकरच्या बुडाएवढी छोटी प्लेट, उंची २६ इंच. त्यांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, “साहेब, एवढा जड पाया? वर टाकी ठेवणार का?” स्पीकर म्हटल्यावर, “मग भिंतीला क्लॅम्प मारा ना, कशाला खर्च?” पण काम चोख केलं, वेल्डिंग घासून रेड ऑक्साइड मारून दिलं. उंचीचा हिशेब असा, की बसल्यावर माझा कान जमिनीपासून ३६ इंचांवर येतो आणि या स्पीकरचा ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) बुडापासून १० इंचांच्या आसपास आहे. तुम्ही भारतीय बैठकीवर ऐकत असाल तर स्टँड बुटके करा. तार आवाज ट्वीटरच्या सरळ रेषेतच खरा लागतो.

पोकळ पाइप टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो, म्हणून आत वाळू भरायची होती. शेजारच्या बांधकामावरून पाटीभर मागून आणली, ती ओली. ओली भरली तर पाइप आतून गंजणार, आणि बाहेर तर पावसाची झड लागलेली. मग आईने जुन्या लोखंडी कढईत फुटाणेवाल्यासारखी ती भाजून दिली, तीन-चार घाण्यांत. गार झाल्यावर चाळून, नरसाळ्याने भरून वर बूच मारलं. आता टिचकी मारली तर ‘ठप्प’ एवढंच येतं. स्पीकर आणि प्लेटच्या मध्ये रबराचे चार तुकडे आहेत.

टाइल्स आणि उघड्या भिंती हा आपल्या नव्या फ्लॅटांचा रोग. हॉलमध्ये उभं राहून टाळी वाजवली की मागोमाग ‘टर्रर्र’ असा शेपटासारखा आवाज यायचा. त्यावर स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये जाड सतरंजी टाकली. भिंतीसाठी आरशाची युक्ती करा. आपण सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा आणि आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण. पहिलं परावर्तन तिथून येतं. आमच्या डाव्या खुणेवर पुस्तकांचं कपाट आलं. उजवीकडे खिडकी आहे, तिथे पडद्याच्या मागे आजीची जाड गोधडी दुहेरी घडी करून टांगली. पाहुण्यांना दिसत नाही. मात्र गोधड्या वाढवत सुटू नका. कापड फक्त वरचे स्वर शोषतं, ८० हर्ट्झला त्याचा पत्ताही लागत नाही. जास्त झालं की खर्ज तसाच घुमतो आणि वरचा आवाज मात्र मरून जातो.

अ‍ॅम्प्लिफायरबद्दल तक्रार नाही. चॅनेलला ६० वॅट आहेत. “एवढेच?” असं ज्यांना वाटेल त्यांनी नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरवरचे पीएमपीओचे, म्हणजे फुगवलेल्या वॅटचे स्टिकर आठवावेत. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि घरात रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॅटही पुरतात. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते लाउडनेसचं वेगळं बटण. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. व्हॉल्यूम आपल्या नेहमीच्या पातळीवर ठेवायचा आणि रात्री या बटणाने आवाज उतरवायचा, म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज टिकून राहतो. घर झोपल्यावर अकरा वाजता मी असंच ऐकतो. ब्लूटूथ मात्र यात नाही, घेण्याआधी लक्षात ठेवा. मुलीला फोनवरून गाणी लावायची असतात, तिच्यासाठी छोटा रिसीव्हर मागे लावलाय.

मध्यंतरी बारीक हम्म सुरू झाली. केबलची वायर सेट-टॉप बॉक्समधून उपटली की बंद, लावली की चालू. केबलची अर्थ आणि घराची अर्थ यांच्यात वळसा तयार झाला होता. टीव्हीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत साध्या वायरऐवजी ऑप्टिकल केबल टाकली. त्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे वळसाच तुटला. स्पीकरची वायर १६ गेजची साधी तांब्याची आहे, एवढ्या अंतराला त्याहून भारी कशाला हवी? फक्त पावसाळ्यात उघडी टोकं काळी पडली, म्हणून कापून बनाना प्लग लावले.

उणी बाजू एकच, खर्ज वाजवणाऱ्या पाच इंची वूफरकडून ढोल निघत नाही. मित्राने रंगपंचमीला रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाजवळ) केलेलं ढोलाचं रेकॉर्डिंग लावून बघितलं. टिपरीचा कडकडाट थेट अंगावर येतो, पण ढोलाचा जो धक्का छातीत बसतो तो नाही. त्याला सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर हवा, आणि अ‍ॅम्प्लिफायरला मागे त्यासाठी जागा आहे. घेतला नाही, कारण खालच्या मजल्यावरचे काका पहाटे साडेचारला उठून गोदाकाठी फिरायला जातात आणि रात्री नऊला झोपतात. खर्ज स्लॅबमधून सरळ खाली उतरतो, व्हॉल्यूम कितीही बेताचा ठेवा.

गौरी-गणपतीत मखरासाठी स्पीकर भिंतीला चिकटवावे लागले. तेवढे दिवस पोर्टात एकेक जुना सुती मोजा कोंबला, घुमणं बरंच आटोक्यात राहिलं. स्टँडच्या चारही कोपऱ्यांना टाइल्सवर पांढऱ्या टेपच्या खुणा केल्या आहेत, विसर्जनानंतर पाच मिनिटांत सगळं जागच्या जागी. फरशी पुसणाऱ्या मावशींना तेवढं सांगून ठेवावं लागतं, नाहीतर खुणा दर महिन्याला नव्याने मारा.