टाके नीट होते, पण गुळ्या वाचला नाही

पाचपैकी दोन तारे देतेय. दोन्ही तारे डॉक्टरांच्या हाताला. बाकीचे तीन का कापले ते सविस्तर लिहिते, कारण ज्यांच्या घरी गिनीपिग आहेत आणि जे नरांचं न्यूटरिंग, म्हणजे पिल्लं होऊ नयेत म्हणूनचं ऑपरेशन, करून घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना हे आधी कळायला हवं. मला कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्याचं नाव मुद्दाम देत नाही. मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये, आणि जे आमच्या बाबतीत झालं ते कुत्र्या-मांजरांची सवय असलेल्या कुठल्याही दवाखान्यात होऊ शकतं.

आम्ही पुण्यात धनकवडीला राहतो. 2025 च्या संक्रांतीला माझ्या मुलाच्या, ओजसच्या हट्टापायी दोन गिनीपिग आणले, म्हणून नावं तिळू आणि गुळ्या. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, दोन्ही नर आहेत. पाडव्याच्या आठवड्यात तिळूने तीन पिल्लं दिली. डोळे उघडे, अंगावर पूर्ण केस, संध्याकाळपर्यंत पिंजराभर पळत होती. आमच्या सोसायटीतल्या कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीने पूर्वी गिनीपिग पाळले होते. तिने सांगितलं, तीन आठवड्यांची झाली की नर पिल्लं आईपासून वेगळी काढा, आणि बापाला आजच काढा. बापाला काढलं, पण उशीर झाला होता. गिनीपिगची मादी बाळंत झाल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते, हे आम्हाला कुठे माहीत. नऊ-दहा आठवड्यांचा गरोदरपणा, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणखी तीन. सहापैकी पाच पिल्लं ओळखीच्या घरी दिली. पहिल्या वेतातला फुटाणा ठेवून घेतला.

गुळ्या मात्र एकटा पडला. समोरच्या पिंजऱ्यात तिळू दिसायची, हा जाळीला दोन पाय लावून उभा राहायचा. फुटाण्याला त्याच्यासोबत ठेवून पाहिलं, तर दुसऱ्याच दिवशी फुटाण्याच्या नाकाला चावा. आम्ही तिघांनी बसून ठरवलं, दोन्ही नरांचं ऑपरेशन करू म्हणजे सगळ्यांना तिळूजवळ राहता येईल. हा निर्णय चुकला असं मी आजही म्हणणार नाही.

ऑपरेशन 13 ऑगस्टला, बुधवारी. आदल्या दिवशी फोनवर काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "रात्री दहानंतर काहीही खायला देऊ नका, पोट रिकामं पाहिजे." आम्ही तसंच केलं. सकाळी अकराची वेळ होती, प्रत्यक्षात ऑपरेशन दुपारी दोनला झालं. म्हणजे सोळा तास दोन्ही जीव उपाशी.

इथेच पहिली चूक झाली. कुत्र्याला भुलेखाली उलटी होऊ शकते, ती श्वासनळीत जाऊ शकते, म्हणून त्याला उपाशी ठेवतात. गिनीपिगला उलटी होतच नाही. त्याचं आतडं दिवसरात्र चालू राहायला लागतं. ते थांबलं की आत वायू धरतो, भूक मरते, आणि एकदा भूक मेली की आतडं आणखी थांबतं. हे मला पाच दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. मी स्वतः आदल्या रात्री गुळ्याच्या पिंजऱ्यातून कोथिंबिरीची अर्धी जुडी काढून घेतली होती. तो माझ्या हातामागे धावत आला होता. ते डोळ्यांपुढून जात नाही.

आता चांगलं ते सांगते. मी बावीस वर्षं ब्लाऊज शिवतेय, टाका मला कळतो. डॉक्टरांनी घातलेले टाके बारीक, एकसारख्या अंतरावर, कुठेही कातडी ओढलेली नाही. गिनीपिगमध्ये पोटातून अंडकोषाकडे येणारी वाट मोठेपणीही उघडी राहते, ती आतून बंद केली नाही तर आतडं खाली उतरू शकतं. ती बंद केल्याचं त्यांनी आपणहून चित्र काढून दाखवलं. अँटिबायोटिकही योग्य दिलं होतं, एन्रोफ्लॉक्सासिन. गिनीपिगला अमॉक्सिसिलिनसारखं पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि जनावर दगावू शकतं. तेवढं भान त्यांना होतं. दोघांचे मिळून साडेसात हजार घेतले, तेही मला जास्त वाटले नाहीत.

पण संध्याकाळी दोघांना खोक्यात घालून आमच्या हातात दिलं आणि एक छापील कागद दिला. कागद कुत्र्यांसाठीचा होता. "गळ्यात कॉलर ठेवा, दहा दिवस आंघोळ नको, फिरायला नेताना पट्टा लावा." वेदनेचं घरी द्यायला काही नाही. खाल्लं नाही तर काय करायचं, त्याबद्दल एक ओळ नाही. खाली काय अंथरायचं, तेही नाही. गुळ्याला उचललं तर त्याचे कान गार लागले.

मी घरी येऊन पिंजऱ्यात नवा कोरा लाकडाचा भुसा टाकला. त्यांना मऊ लागावा म्हणून दुप्पट टाकला. पावसाळ्याचे दिवस, हवा दमट. भुशाचे कण ओल्या जखमेला चिकटतात आणि तिथून जंतू आत जातात, ऑपरेशननंतर स्वच्छ सुती कापडच घालायचं आणि दिवसातून दोनदा बदलायचं असतं. माझ्या घरात कापडाचा तुटवडा आहे का? ढिगाने चिंध्या पडलेल्या असतात. एक वाक्य कुणी बोललं असतं तर मी पन्नास गाद्या शिवल्या असत्या.

गुरुवारी संध्याकाळी फुटाण्याने सिमला मिरचीचा तुकडा ओढून नेला. गुळ्या कोपऱ्यात अंग आखडून बसला होता, दात कराकरा वाजवत होता. ते दुखत असल्याचं लक्षण आहे. मला वाटलं काहीतरी चावतोय. लेंड्या अगदी बारीक, कोरड्या, तिळाएवढ्या. दवाखान्यात फोन केला. "भूल उतरायला वेळ लागतो ताई, दोन दिवस जाऊ द्या." शुक्रवारी 15 ऑगस्टची सुट्टी. शनिवारी दहीहंडी. पुढे रविवार. तीन दिवस त्यांचा फोन कुणी उचलला नाही, आणि अडचण आली तर कुणाला विचारायचं याचा दुसरा नंबर दिलेला नव्हता. सुट्ट्या कॅलेंडरवर आधीपासून छापलेल्या असतात. त्याच्या दोन दिवस आधी ऑपरेशन ठेवायचं आणि मागे माणूस ठेवायचा नाही, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

शनिवारी गुळ्याच्या डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ लागली. रविवारी सकाळी ती बोराएवढी झाली होती. वरचे टाके तसेच सुंदर होते, आत पू.

सोसायटीतल्या त्याच मुलीने नदीपलीकडच्या एका डॉक्टरबाईंचा नंबर दिला. त्या ससे, गिनीपिग, पक्षी असे छोटे जीव बघतात. रविवार असूनही संध्याकाळी सातला त्यांनी बोलावलं. आधी वजन केलं. ऑपरेशनच्या दिवशी 940 ग्रॅम होता, आता 815. चार दिवसांत सव्वाशे ग्रॅम. त्यांनी विचारलं, "रोज वजन केलं नाहीत?" आवाजात राग नव्हता, पण मला मान वर करता आली नाही. स्वयंपाकघरात पीठ मोजायचा काटा होता की.

त्यांनी गाठ फोडली. गिनीपिगचा पू पाण्यासारखा वाहत नाही, खव्यासारखा घट्ट असतो, म्हणून आपोआप निचरत नाही. जखम उघडीच ठेवली, दिवसातून दोनदा सलाइनच्या पाण्याने धुवायला शिकवलं. दुखण्यावर मेलोक्सिकॅमचे थेंब दिले. क्रिटिकल केअर नावाची गवताची पूड पाण्यात कालवून दर तीन तासांनी सिरिंजने भरवायची, एका वेळी एकदोन मिली तोंडाच्या कडेने, चावून गिळला की पुढचं. पूड मिळाली नाही तर त्याचंच नेहमीचं खाद्य भिजवून मिक्सरमधून काढायचं. क जीवनसत्त्व वेगळं द्यायचं, कारण माणसासारखंच त्यांच्या शरीरात ते तयार होत नाही आणि जखम भरायला ते लागतं. आणि त्या म्हणाल्या, "बारा तास खाल्लं नाही तर थांबायचं नाही. रात्री दोन वाजले असले तरी फोन करायचा."

रविवार रात्र ते गुरुवार पहाट. आम्ही पाळ्या लावल्या. ओजस नऊची, मी बाराची आणि पहाटे सहाची, आणि तीनची पाळी माझ्या सासूबाईंनी स्वतःहून मागितली. जानेवारीत ह्याच म्हणाल्या होत्या की घरात उंदरासारखं जनावर नको. तीन वाजता मला जाग यायची तर हॉलमध्ये लहान दिवा लागलेला, गुळ्या त्यांच्या मांडीवर जुन्या नऊवारीच्या घडीत, आणि त्या हळूच म्हणत असायच्या, "एवढा घास घे रे बाळा, एवढाच." ओजसला त्या असंच भरवायच्या.

सोमवारी 822. मंगळवारी 830. त्या दिवशी त्याने फ्रिजचं दार उघडल्यावर शीळ घातली, अर्धीमुर्धी, पण घातली. ओजस शाळेला जाताना जिन्यावरून परत वर आला तेवढं ऐकायला. बुधवारी 808. पोट ढोलकीसारखं ताणलेलं. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं, म्हणाल्या, आतडं पुन्हा चालू झालं तर वाचेल. गुरुवारी, 21 तारखेला पहाटे चार चाळीसला तो माझ्या हातात गेला. दोनदा अंग ताणलं आणि सैल पडला.

मी त्याला अस्तराच्या पांढऱ्या कापडात गुंडाळलं. पॉपलीन, दोनदा धुतलेलं, मऊ. आणि कडा शिवून घेतल्या, कारण नुसतं गुंडाळलेलं मला बघवेना. दिवे घाट चढून सासवडला गेलो, माझ्या माहेरी. वाडीतल्या सीताफळाखाली त्याला पुरलं. तिळूला जाण्याआधी त्याचा वास घेऊ दिला. ती बराच वेळ हुंगत राहिली, मग वळून गवत खायला गेली.

त्यानंतर मी ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात गेले. पैसे मागायला नाही. काउंटरवर तोच मुलगा. म्हणाला, "छोट्या प्राण्यांमध्ये असं होतंच हो." दोन तारे इथेच गेले असं समजा. होत असेल तर आधी सांगायचं होतं. धोका आहे हे माहीत असून सही केली असती तर दुःख झालं असतं, पण असं आत बोचत राहिलं नसतं.

डॉक्टरांनी मात्र आत बोलावलं. मी वजनाची वही दाखवली. त्यांनी पानं उलटून सगळे आकडे वाचले आणि म्हणाले, "उपाशी ठेवायला सांगायला नको होतं. ती चूक आमची." कागद बदलतो म्हणाले. सप्टेंबरमध्ये फुटाण्याला दाखवायला गेले तेव्हा नवा कागद भिंतीवर होता, ससे आणि गिनीपिगसाठी वेगळा. तीन दिवसांच्या सुट्टीत फोन कोण उचलणार, ते अजून त्यावर नाही. ते आलं की मी इथे येऊन तिसरा तारा देईन.

तुम्ही जाणार असाल तर हे विचारूनच जा: ऑपरेशनच्या तासापर्यंत खायला देणार ना, भुलेखाली अंग गरम ठेवायची सोय काय, घरी वेदनेचं औषध देणार का, आणि रविवारी कोण भेटेल. काटा आधी विकत घ्या. भुसा काढून टाका. आणि मागे आठवडाभर घरी कुणीतरी मोकळं असेल अशीच तारीख धरा.

फुटाण्याचं सगळं नीट भरलं. ऑपरेशननंतरही नराकडून चार ते सहा आठवडे पिल्लं होऊ शकतात, म्हणून पूर्ण सहा आठवडे त्याला वेगळा ठेवला. घट बसले त्या आठवड्यात तिळूच्या पिंजऱ्यात सोडला. पहिल्यांदा तिने त्याला नाकाने ढकललं, मग दोघं एकाच कोथिंबिरीच्या काडीची दोन टोकं धरून खात बसली. वही अजून चालू आहे, दर रविवारी सासूबाई वजन करतात आणि ओजस लिहितो. काल तिळू 905, फुटाणा 842.