पोलिनेटर लॅब: सांभाळायला वेगळा माणूस ठेवायचा की पीएचडीच्या पोरांवर चालवायची?

झाडं आणि परागीभवन करणारे किडे यावर काम करणारी लॅब नव्याने उभी केली की पहिल्याच ग्रँटमध्ये हा प्रश्न येतो. मॅनपॉवरमध्ये जागा एकच मंजूर झालीय, तर त्यात जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो, म्हणजे पीएचडी करणारा) घ्यायचा की लॅब बघायला माणूस, म्हणजे मॅनेजर? मुंबईत बहुतेक जण डोळे मिटून जेआरएफ घेतात, कारण जेआरएफ पेपर लिहितो आणि मॅनेजरचं नाव पेपरवर येत नाही. मी दोन्ही प्रकारच्या लॅबमध्ये काम केलंय, एकीकडे सगळी कामं पोरांमध्ये वाटलेली आणि दुसरीकडे एक ताई होत्या त्याच सगळं बघायच्या, आणि माझं मत सरळ ताईंच्या बाजूने आहे, पण सगळ्या कामांसाठी नाही.

आधी पैशाचं बघू. २०२३ पासून जेआरएफला महिन्याला ३७ हजार आणि एसआरएफ, म्हणजे सीनियर झाला की ४२ हजार, वर एचआरए. लॅब बघायला प्रोजेक्ट असिस्टंट घेतला तर साधारण त्यापेक्षा कमी खर्च येतो. पण मुंबईत त्या पगारात राहणार कुठे, बदलापूर नाहीतर विरार, आणि मग साडेसहाला फुलांजवळ हजर राहा म्हणायला आपल्याच जिवावर येतं. एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षातच येत नाही, स्वतःची नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळालेली फेलोशिप, घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याचा तुमच्या ग्रँटवर काहीच भार नसतो. तसा एक जरी मिळाला तरी ग्रँटमधली जागा मॅनेजरसाठी मोकळी होते. म्हणजे "पैसे नाहीत" हे कारण वाटतं तेवढं पक्कं नाहीये.

आता खरा फरक कुठे पडतो ते सांगतो, तो कलेक्शनमध्ये. आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलीमीटरच्या वर पाणी पडतं आणि चार महिने हवेतली ओल हटत नाही. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाच्या, प्रेसमधले पेपर रोज बदलले नाहीत तर पानं काळी पडतात, बुरशी येते. टाचणीवर लावलेल्या माश्यांच्या पेट्यांचं तर विचारूच नका. कामं वाटून दिलेल्या त्या लॅबमध्ये गणपतीच्या सुट्टीनंतर एक पेटी उघडली तर काचेखाली भुंग्यांच्या रांगेत मधल्या काही टाचण्यांवर फक्त लेबलं उरलेली, किडा गायब, आणि खाली बारीक तपकिरी भुकटी. डर्मेस्टिड बीटलच्या अळ्यांनी आतून पोखरून खाल्लं होतं. इलाज काही अवघड नाही, नवीन पेटी आत घ्यायच्या आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोनेक आठवडे उणे वीसच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायची, सिलिका जेल गुलाबी झालं की तापवून परत निळं करायचं, महिन्यातून एकदा प्रत्येक ड्रॉवर उघडून बघायचा. पण हे "ज्याची पाळी असेल तो करेल" वर टाकलं की कुणीच करत नाही, कारण ज्याची पाळी असते त्याचा नेमका त्याच आठवड्यात प्री-सबमिशन सेमिनार असतो. ताई दर पहिल्या सोमवारी ड्रॉवर उघडायच्या आणि वहीत सही करायच्या, एवढंच, त्यात काही मोठी विद्या नव्हती.

रजिस्टरांचं तेच. अल्कोहोलसाठी एक्साइजची परवानगी लागते आणि किती आलं किती वापरलं ते लिहून ठेवावं लागतं. पॅन ट्रॅपमधल्या (रंगीत वाट्यांच्या सापळ्यातल्या) माश्या ७० टक्क्यांत, डीएनए काढायचा असेल तर ९५ च्या वर, म्हणजे बाटल्या सतत हलत असतात. पोरगं थीसिस जमा करून पोस्टडॉकला गेलं की त्या रजिस्टरमधली शेवटची सहा महिन्यांची पानं कोरी. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात काम करायचं तर वनखात्याची परवानगी, फाइल नागपूरपर्यंत जाते, तिचा पाठपुरावा, मुदत संपायच्या आत परत अर्ज, मागच्या कामाचा रिपोर्ट. आणि मार्च आला की युसी (ग्रँट कशी वापरली याचं प्रमाणपत्र), खर्चाचं स्टेटमेंट, स्टोअरची एंट्री, अकाउंट्समध्ये चकरा. पीएचडीच्या मुलीला यात घातलं तर फेब्रुवारी-मार्च तिच्या हातातून जातो, आणि नेमका तेव्हा पळस, पांगारा, काटेसावर फुललेली असते, पक्षी फुलांवर येतात ते बघायचा सीझन तोच. हे मला कधीच पटलं नाही.

फील्डवर मात्र उलटं आहे, तिथे पोरंच बरी. भोपळ्याचं फूल पहाटे उघडतं आणि ऊन चढलं की मिटायला लागतं, दुधीचं संध्याकाळी उघडतं आणि त्यावर रात्री पतंग येतात, आता वसईच्या एखाद्या वाडीत दोन्ही करायचं म्हटलं तर तिथे मुक्काम करणारं, विषयाचं वेड असलेलं कुणीतरी पाहिजे, नोकरी म्हणून कुणी ते करत नाही आणि करायला लावूही नये. मधमाश्यांत सातेरी कुठली, फुलोरी कुठली, उडती पोयाची माशी कशी ओळखायची हे एका सीनियरकडून ज्युनियर दोन सीझनमध्ये शिकतो, ते मॅनेजर शिकवू शकत नाही. फुक्सिन रंगाच्या जेलीत परागकण गुलाबी होतात, ती स्लाइड कुठल्या झाडाची हे सांगायला नजर बसावी लागते. हे सगळं पोरांकडेच राहू द्या. मॅनेजरकडे फक्त कोण कधी कुठे गेलंय याची वही, आणि पार्कात अंधारात एकट्याने जायचं नाही हा नियम, बिबट्यांचं जंगल आहे ते. प्रथमोपचाराची पिशवीही त्यांच्याच ताब्यात. आग्या मधमाशीच्या पोळ्याखाली काम असेल आणि कुणाला डंखाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधीच लिहून घेतलेलं पाहिजे, घोळ झाल्यावर फोन फिरवून उपयोग नाही.

आणि एक मुद्दा, जो माझ्या मते सगळ्यात मोठा आहे. कारवी, साधारण आठ वर्षांतून एकदा फुलणारं झुडूप. नॅशनल पार्कात तिचा मोठा बहर २०१६ ला आला, नंतर २०२४ ला, म्हणजे पुढचा साधारण २०३२ च्या आसपास. यूजीसीच्या नियमात पीएचडी तीन ते सहा वर्षांची. म्हणजे एक बहर बघितलेला विद्यार्थी पुढच्या बहराला तुमच्या लॅबमध्ये बहुतेक असणार नाही, हे गणितच आहे. त्याने प्लॉट कुठे आखले, कुठल्या कातळापासून किती पावलं, निरीक्षण दहा मिनिटांचं होतं की पंधरा, एका माशीने तीन फुलांना भेट दिली तर तो एक आकडा धरला की तीन, हे लिहून ठेवणारं आणि आठ वर्षांनी ती फाइल काढून देणारं कुणी नसेल तर दोन बहरांची तुलना होत नाही, दोन वेगळे पेपर होतात बस. पोरांवर चालणाऱ्या लॅबमध्ये हा डेटा कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर असतो आणि तो माणूस आता जर्मनीत असतो.

अर्थात मॅनेजर ठेवला म्हणजे सुटलो असंही नाही. प्रोजेक्ट तीन वर्षांचा, त्याबरोबर त्याची जागाही संपते, मग पुढच्या ग्रँटपर्यंत मधले सहा महिने कोण? काही ठिकाणी डिपार्टमेंटचे कायम लॅब असिस्टंट असतात, त्यांना यात ओढता आलं तर उत्तम, पण ते डिपार्टमेंटचे असतात, तुमचे नाही, प्रॅक्टिकल परीक्षा लागल्या की मामा गेले तिकडे. दुसरा धोका म्हणजे सगळं ताईंनाच माहीत असं होऊन बसतं, चाव्याही त्यांच्याकडे आणि पासवर्डही. म्हणून महत्त्वाच्या नमुन्यांचे डुप्लिकेट सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या जुन्या संग्रहात जमा करता येतील का याची चौकशी लवकर करून ठेवा, तो १९०६ पासून आहे, आपल्या लॅबचं एवढं आयुष्य कुणी सांगावं.

तर माझा हिशोब असा: दोन-तीनच विद्यार्थी असतील आणि नमुने कमी, बहुतेक काम निरीक्षणाचं, तर वेगळा माणूस नको, पोरांना वाटून द्या, पण परवानग्यांची फाइल आणि अल्कोहोलचं रजिस्टर स्वतःकडे घ्या, ते दुसऱ्यावर ढकलू नका. चारच्या वर पोरं झाली, पेट्या साठायला लागल्या किंवा कारवीसारखं लांबचं काम अंगावर घेतलं, तर पहिली जागा मॅनेजरची, दुसरी जेआरएफची.

जाहिरात काढताना नेट पास उमेदवाराला प्राधान्य असं काही लिहू नका, तो पीएचडीला अ‍ॅडमिशन मिळाली की चार महिन्यांत जातो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. एमएस्सी करून घराजवळ स्थिर नोकरी हवी असलेली माणसं बघा. इंटरव्ह्यूला परागीभवनाची व्याख्या विचारत बसण्यापेक्षा समोर एक टाचणी लावलेली माशी ठेवा आणि फील्डच्या वहीतलं एक पान द्या, म्हणा याचं लेबल लिहा. तारीख, जागा, अक्षांश-रेखांश, कुठल्या फुलावर, कुणी पकडली, हे न सांगता जो लिहितो आणि वहीत जागेचं नाव नुसतं "गेटजवळ" असेल तर "कुठलं गेट?" असं उलट विचारतो, त्याला घ्या.