संयुक्त गर्भनिरोधक गोळी: पाळीला मानवली, यकृताला नाही

गोळी कामाला चोख आहे, त्यात वाद नाही. माझी कमी डोसाची, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन्ही हार्मोन्स असलेली. पाळी वेळेवर यायला लागली, पोटदुखी गेली, चेहऱ्यावरचे फोडसुद्धा कमी झाले. सुरुवातीची मळमळ आपोआप थांबली.

तिसरं पाकीट चालू असताना तळहात आणि तळपाय खाजायला लागले. पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज, तीही रात्री जास्त. ॲलर्जीच्या गोळीने ढिम्म फरक पडेना. पुढे लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तेव्हा रक्त तपासलं: बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की रक्तात हे वाढतात) दोन्ही वाढलेले. हिपॅटायटिसच्या तपासण्या निगेटिव्ह, सोनोग्राफीत खडे नाहीत. म्हणजे पित्त यकृतातच तुंबत होतं. यकृताच्या पेशी पित्त बाहेर टाकतात, ते काम इस्ट्रोजेनमुळे मंदावतं. बहुतेकींना त्याचा पत्ताही लागत नाही, काहींचं यकृत मात्र या बाबतीत उपजतच नाजूक असतं.

माझी खरी तक्रार इथे आहे. गरोदरपणात शेवटी शेवटी मला अशीच खाज सुटली होती. गोळी लिहून देताना रक्तदाब, मायग्रेन, सिगारेट सगळं विचारलं, हे मात्र नाही. तेवढ्यावरून गोळी नाकारतातच असं नाही, पण निदान पहिल्या खाजेला कान टवकारले असते.

वाचताना यकृतातल्या ॲडिनोमाच्या गाठीचंही कळलं. ती कॅन्सरची नसते, पण ५ सेंमीच्या पुढे गेली तर फुटून रक्तस्राव होऊ शकतो. गोळीशी तिचा संबंध १९७३ मध्ये पुढे आला, तेव्हाच्या गोळ्यांत इस्ट्रोजेनही बरंच जास्त असायचं. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांत दर वर्षी लाखात ३ ते ४ जणींना, असा अंदाज सांगतात. तेव्हा घाबरून पाकीट फेकू नका. पण उजव्या बरगडीखाली सारखं दुखत असेल तर ॲसिडिटी म्हणून दाबूही नका. (आपल्याकडे बाईचं निम्मं दुखणं ॲसिडिटीतच जमा होतं.)

गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत खाज गेली, रिपोर्ट नॉर्मल यायला जरा जास्त वेळ लागला. इस्ट्रोजेन मला आता बंद, मग ते त्वचेवर चिकटवायच्या गर्भनिरोधक पॅचमधलं असो की योनीत बसवायच्या रिंगमधलं. सध्या तांबी बसवली आहे. तिच्यात हार्मोनच नाही, त्यामुळे यकृताला त्रास नाही. पाळी मात्र पुन्हा पहिल्यासारखी जोरात, आणि पहिले दोन दिवस नुसता वैताग.