गच्चीला चुना, चंदेरी की विटकरी?

मार्च लागला की नागपुरात दोन कामं निघतात: कूलरला नवा वाळा आणि गच्चीला रंग. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उघडा स्लॅब त्याहूनही वर जातो, कारण तो नुसत्या हवेनं नाही, उन्हानं तापतो.

विटकरी वॉटरप्रूफिंगचं प्रकरण लवकर आटोपतं. गळती थांबेल, पण ऊन जवळपास उघड्या सिमेंटइतकंच पोटात घेईल.

खरी चुरस पांढऱ्यात आणि चंदेरीत. चंदेरी चकाकतो म्हणून लोक त्याला भुलतात. ऊन परतवण्यात तो वाईट नाहीच. घोळ पुढे होतो. तापलेली वस्तू अवरक्त किरणांतून उष्णता बाहेर टाकते आणि धातूचा पृष्ठभाग त्या बाबतीत महाकंजूष. पांढरा रंग ताजा असताना सुमारे ८० टक्के ऊन परतवतो, आणि आत शिरलेलंही मोकळ्या हातानं सोडतो. ‘काळं रात्री लवकर निवतं’ हे ऐकलंय ना? पांढरंही तितकंच निवतं. ६० अंशांच्या स्लॅबचे किरण ९ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचे, आपल्या डोळ्यांना न दिसणारे. तिथे चुना आणि डांबर सारखेच काळे. १८०४ मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्लीनं गरम पाण्याच्या डब्यावर हेच पाहिलं: काजळीची बाजू आणि कागद डकवलेली बाजू जवळपास सारखीच उष्णता टाकत होत्या, घासलेला धातू मात्र जेमतेम.

मागच्या मे मध्ये आमचा चुना जिन्यापासून टाकीपर्यंतच पुरला. दुपारी चारला अनवाणी गेलो. पांढऱ्यावर उभं राहता आलं. पुढचं पाऊल सिमेंटवर पडलं आणि उडीच मारली.

भाड्याचं घर असेल किंवा हात आखडता असेल, तर डिंक घालून चुन्याचे दोन हात. पहिल्याच पावसात धुपेल, दरवर्षी लावावा लागेल. घर स्वतःचं असेल तर ऊन परतवणारा पांढरा रंग घ्या, पण एप्रिलमध्ये गच्ची धुवा, धुळीनं मळला की त्याचा जोर बराच कमी होतो. टिनाच्या शेडलाही पांढराच, चंदेरी नको. वर आणखी एक मजला असेल तर खर्चच करू नका.

राहिली काळी टाकी, जिचा नळ दुपारी चहाचं पाणी देतो. प्लास्टिकवर रंग नीट धरत नाही. आम्ही जुनं पांढरं धोतर गुंडाळतो.